साधा छर्रा, नवलाचा छर्रा

आमच्या सावंतवाडीकडच्या घरात आजोबांची एक दुनळी होती. शेतीरक्षणाच्या परवान्यावरची, बारा बोरची. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की परत यायची. एरवी ती माजघरातल्या खुंटीवर असे. बंदुकीला हात लावायची आम्हां मुलांना बंदी होती. तिच्या खालच्या फडताळातला पत्र्याचा डबा मात्र आजोबा कधीकधी आमच्यासमोर उघडत. त्यात काडतुसे असत, तांबड्या कागदी नळीची आणि पितळी बुडाची. श्रावणात आजोबा ती एकेक करून बोटांत फिरवून बघत. पावसाळी हवेत कागद फुगतो, आणि फुगलेले काडतूस ऐन वेळी नळीत बसत नाही.

आजोबा गेल्यावर बंदूक आणि भरलेली काडतुसे रीतसर जमा केली. मागे राहिली रिकामी टरफले आणि औषधाच्या बाटलीत ठेवलेले मूठभर छर्रे. माझे आयुष्य पुण्यात लेथवर गेले. शस्त्रविद्येचे किंवा प्राणिशास्त्राचे शिक्षण मला नाही. पण धातू हाताखालून गेलेल्या माणसाला एखादा गोळा हातात घेतला की त्याचे वजन, त्याचा गोलपणा आणि तो कसा केला असेल हे प्रश्न पडतातच. त्या बाटलीमुळे मी गेली काही वर्षे काडतुसांविषयी मिळेल ते वाचत आलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रश्न साधा आहे. बारा बोरच्या बंदुकीत शिशाचे छर्रे भरलेले नेहमीचे काडतूस चालते, तशीच कितीतरी चमत्कारिक काडतुसेही चालतात. काही आग ओकतात, काही बाण सोडतात, काहींत तारेने बांधलेले गोळे असतात, तर काहींत चक्क मीठ असते. या नवलाच्या काडतुसांपुढे साधे काडतूस कसे ठरते? आणि यांतले खरे धोकादायक कोणते?

बोर म्हणजे काय

आधी परिभाषा. ‘बारा बोर’ यातला बारा हा आकडा इंचांचा नाही आणि मिलिमीटरचाही नाही. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोरची नळी. तिचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोर म्हणजे पौंडाचे सोळा गोळे, म्हणून ती नळी बारापेक्षा अरुंद. मापाची व्याख्याच शिशावर उभी आहे. बंदूक आणि शिसे यांचे नाते इतके जुने आहे.

छर्ऱ्यांच्या क्रमांकातही असाच उलटा हिशेब असतो. आकडा जितका मोठा तितका छर्रा बारीक. नऊ नंबरचा छर्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. एका काडतुसात असे शेकडो मावतात आणि ते लहान पक्ष्यांसाठी असतात. मोठ्या जनावरांसाठी अक्षरांनी ओळखले जाणारे दाणे आहेत. एस. जी. सुमारे ८.४ मिलिमीटरचा असतो आणि एल. जी. त्याहून मोठा. कोकणात डुकराच्या गोष्टी सांगताना ‘एल. जी.’ हा शब्द इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी असे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. बारा बोरची देशी काडतुसे तिथेच बनत आली आहेत, त्यामुळे हे शब्द आपल्याकडे गावोगाव पोचले.

गोल दाण्याची गोष्ट

शिशाचे ओबडधोबड तुकडे नळीत भरून उडवणे फार जुने आहे. हजारो दाणे सारखे गोल करणे ही मात्र वेगळी विद्या. १६६५ साली रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात राजपुत्र रुपर्टची पद्धत नोंदवली. वितळलेल्या शिशात थोडे आर्सेनिक मिसळायचे आणि ते चाळणीतून पाण्यात सोडायचे. त्यातून दाणे मिळत, पण पूर्ण गोल नव्हेत. गरम थेंब पाण्यावर फार लवकर आपटे आणि त्याला शेपूट राही किंवा खळगा पडे.

ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या नळकामगाराने यावर उपाय काढला. थेंबाला उंचावरून पडू द्यायचे. पडताना पृष्ठताणामुळे थेंब आपोआप गोल होतो आणि खालच्या पाण्यात पोचेपर्यंत वरून घट्ट झालेला असतो. त्याने १७८२ साली याचे पेटंट घेतले आणि रेडक्लिफ हिलवरच्या स्वतःच्या घरावरच मनोरा चढवला. ही कल्पना स्वप्नात सुचली अशी दंतकथा सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या घरातला मनोरा १९६८ पर्यंत उभा होता. पुढे जगभर असे मनोरे झाले. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा १८२८ सालचा मनोरा ७१ मीटर उंच आहे. मेलबर्नचा मनोरा आज एका बाजारसंकुलाच्या काचेच्या घुमटाखाली उभा आहे.

हा तपशील देण्याचे कारण असे, की आज ज्याला आपण ‘साधे’ काडतूस म्हणतो त्यामागे दोन-अडीचशे वर्षांची सुधारणा आहे. आधी गोल दाणा आला. मग नळीच्या तोंडाला किंचित निमुळते करून छर्ऱ्यांचा झोत आवळण्याची युक्ती आली. १९६० च्या दशकात कागदाऐवजी प्लास्टिकची नळी आणि छर्रे नळीला घासू नयेत म्हणून आत प्लास्टिकची वाटी आली. या सुधारणांचा माग ठेवायला एक मापही ठरले. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढायचे आणि त्यात किती टक्के छर्रे पडतात ते मोजायचे. सरळ नळीला चाळीसच्या आसपास, पूर्ण निमुळत्या नळीला सत्तर. नवलाच्या काडतुसांची बढाई तपासायलाही हेच वर्तुळ पुरते.

हरभरे आणि चुरमुरे

मूठभर हरभरे जोरात फेका आणि मग मूठभर चुरमुरे तितक्याच जोरात फेका. हरभरे अंगणापलीकडे जातील, चुरमुरे पायाशी पडतील. हात तोच आणि वेगही तोच. फरक एवढाच, की हवा अडवते ती दाण्याच्या आकाराला आणि पुढे नेते ते त्याचे वजन. आकाराच्या मानाने वजन जितके जास्त तितका दाणा वेग टिकवतो. काडतुसांची निम्मी अक्कल या एका वाक्यात आहे.

आता घनता पाहू. पाण्याची १ धरली तर मिठाची सुमारे २.२, पोलादाची ७.८, बिस्मथची ९.८, शिशाची ११.३ आणि टंगस्टनची १९.३. शिसे जड आहे, मऊ आहे, कमी तापमानाला वितळते आणि स्वस्त आहे. हे चारही गुण एकत्र असलेला दुसरा धातू नाही. शिशाने तीनशे वर्षे राज्य केले ते यामुळे.

या हिशेबाने नवलाची काडतुसे एकेक करून उलगडतात. अमेरिकी शेतकऱ्यांच्या गोष्टींत चोराला पळवण्यासाठी मिठाचा बार हमखास असतो. पण मिठाचे खडे हलके असतात आणि बार उडतानाच त्यांचा चुरा होतो, त्यामुळे काही पावलांपलीकडे त्यांचा जोर उरत नाही. पावलांच्या अंतरावर मात्र ते डोळा फोडू शकतात. म्हणजे लांबून निरुपयोगी आणि जवळून विनोदी मुळीच नाही.

‘बोलो’ काडतुसात दोन गोळे तारेने जोडलेले असतात. नाव दक्षिण अमेरिकेतल्या गुराख्यांच्या बोलासवरून आले. दोरीला गोळे बांधून ते जनावराच्या पायांत फेकण्याचे ते साधन. समुद्रावरच्या जुन्या तोफाही साखळीचे गोळे उडवून शत्रूच्या जहाजाचे दोरखंड तोडत. तिथे लक्ष्य घरापेक्षा मोठे असे. बंदुकीतून मात्र गोळे कसे फिरतील आणि तार उलगडेल की गुंडाळेल याचा भरवसा नाही. नेम हाच गुण नसलेले हे शस्त्र आहे.

‘ड्रॅगनचा श्वास’ या काडतुसात मॅग्नेशियमसारख्या धातूंचे कण असतात. बार उडाला की नळीच्या तोंडातून ठिणग्यांचा मोठा लोळ निघतो. दिवाळीतल्या भुईनळ्याची आठवण यावी असे ते दृश्य. पण हलके, जळत संपत जाणारे कण म्हणजे हरभऱ्यांपेक्षा चुरमुऱ्यांच्याच जातीचे. मारा म्हणून ते दुबळे. वाळक्या गवतावर मात्र ते वणवा लावू शकतात आणि तो लावताना कोण समोर होते ते पाहत नाहीत.

चौथा प्रकार लोखंडी बाणांचा, म्हणजे फ्लेशेटचा. पहिल्या महायुद्धात विमानांतून असे पोलादी बाण खालच्या सैन्यावर टाकले गेले. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने तोफेच्या एका गोळ्यात हजारो बाण भरले आणि बारा बोरच्या काडतुसांतही वीसेक बाण भरून पाहिले. बाण टोकाने सरळ गेला तर वेग टिकवतो. पण नळीतून निघताना कित्येक बाण आडवे होतात आणि आडवा झालेला बाण म्हणजे नुसती हलकी काडी. तोफेत जे संख्येने भरून निघते ते काडतुसात निघत नाही. त्यामुळे प्रयोग झाले तरी साध्या जाड छर्ऱ्याची जागा बाणांना घेता आली नाही.

फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात या तिन्ही काडतुसांची, आगीच्या, बाणांच्या आणि बोलोच्या, स्वतंत्र व्याख्या करून त्यांवर बंदी घातलेली आहे. बंदी योग्यच. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. कायद्याने आधी ओळखले ते डोळ्यांना भिववणारे.

नवल कोणाला म्हणायचे

नवल आणि साधे यांची सीमा काळाप्रमाणे आणि बघणाऱ्याप्रमाणे हलते. १७१८ साली लंडनच्या जेम्स पकलने एका फिरत्या बंदुकीचे पेटंट घेतले. त्यात ख्रिस्ती शत्रूंसाठी गोल आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्या योजल्या होत्या. चौकोनी गोळी जास्त यातना देईल ही अपेक्षा. खास दारूगोळ्याच्या कल्पनेमागे बहुधा समोरच्या माणसाविषयीचे एक मत दडलेले असते, ते इथे कागदावरच उतरले आहे.

उलट उदाहरण १९१८ चे. अमेरिकी सैनिक फ्रान्सच्या खंदकांत विंचेस्टर कंपनीची आखूड छर्ऱ्याची बंदूक घेऊन उतरले. काडतुसात नऊ जाड छर्रे असत. अमेरिकी शेतकऱ्याला ते अगदी ओळखीचे. पण सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने निषेध नोंदवला, की हे शस्त्र हेग कराराविरुद्ध अनावश्यक यातना देणारे आहे आणि ते बाळगणाऱ्या कैद्यांचा जीव धोक्यात येईल. अमेरिकेने तो निषेध फेटाळला आणि कैद्यांना काही झाले तर बदल्याची ताकीद दिली. विषारी वायू वापरून झालेल्या युद्धात हरणाचे काडतूस हा वादाचा विषय झाला. त्याच खंदकांत सैनिकांची खरी तक्रार वेगळीच होती. कागदी काडतुसे ओलीने फुगत, म्हणून पुढे संपूर्ण पितळी काडतुसे बनवली गेली. हे वाचले तेव्हा श्रावणात काडतुसे फिरवून पाहणारे आजोबा मला आठवले.

बदकाच्या पोटातला छर्रा

आता साध्या छर्ऱ्याकडे वळू. बार उडाला की काडतुसातले बहुतेक छर्रे पक्ष्याला लागत नाहीत. ते पुढे जातात आणि पाणथळीत पडतात. दरसाल त्याच तळ्यावर त्याच काठाने हजारो बार झाले, की चिखलात शिशाची पेरणी होते.

बदकाला दात नाहीत. ते बारीक खडे गिळते आणि पोटातल्या स्नायूंच्या जाड पिशवीत त्या खड्यांनी दाणे दळते. छर्रा त्याला खडा वाटतो किंवा दाणा. तो त्या जात्यात सापडतो, घासला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात जाते. पंख लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही आणि पक्षी कुठेतरी लव्हाळ्यात मरतो. बंदूक कधीच्या काळी उडालेली असते. मारणाऱ्याला आपण मारले हे कळतही नाही.

हे अमेरिकेत माहीत नव्हते असे नाही. जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने १८९४ सालीच त्यावर लिहिले होते. इलिनॉय राज्यातल्या फ्रँक बेलरोझने १९५९ साली मोजदाद मांडली. उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी दोन ते तीन टक्के शिशाने मरतात, असा त्याचा अंदाज होता. लाखोंच्या थव्यांत दोन-तीन टक्के म्हणजे काय ते वाचकांनीच पाहावे. तरीही देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर बंदी यायला १९९१ उजाडले. पहिल्या लेखापासून जवळपास शंभर वर्षे. डेन्मार्कने १९९६ साली सगळ्याच शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले.

पर्याय म्हणून पोलादाचे छर्रे आले तेव्हा अनुभवी शिकाऱ्यांनी त्यांना नवलाचे खूळ ठरवले. आक्षेप अगदी बिनबुडाचा नव्हता. पोलाद हलके, म्हणून त्याच कामाला छर्रा दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. ते कठीण असल्यामुळे जुन्या पातळ नळ्यांना आणि जास्त निमुळत्या तोंडांना धोका असतो. बिस्मथ शिशाच्या जवळ जाते, पण महाग पडते. टंगस्टन शिशापेक्षाही सरस, पण त्याची किंमत विचारू नये. तरी खरा प्रश्न उरतोच, की मैदानात किती फरक पडतो?

टेक्सासमध्ये होल्यांच्या शिकारीवर याची चाचणी झाली, आणि मला सगळ्या वाचनात सर्वांत आवडलेली चाचणी हीच. शिकाऱ्यांना काडतुसे दिली, पण शिशाची कोणती आणि पोलादाची कोणती ते सांगितले नाही. नोंद घेणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. निष्कर्ष असा, की दर बारामागे मिळालेल्या पक्ष्यांत किंवा जखमी होऊन निसटलेल्यांत लक्षणीय फरक नव्हता. आपण काय उडवतो आहोत हे शिकाऱ्यांना ओळखताही आले नाही. वर्षानुवर्षे ठामपणे सांगितलेला फरक बराचसा मनातला होता. बंदीचा परिणामही मोजला गेला. मिसिसिपी नदीच्या पट्ट्यात मॅलर्ड बदकांचे शिशाने होणारे मरण सुमारे ६४ टक्क्यांनी घटले.

कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडाची कथा आपल्याला जास्त जवळची आहे. शिकारीच्या अवशेषांतल्या शिशाने हा पक्षी इतका खालावला, की १९८७ साली उरलेले सगळे, २७, पिंजऱ्यात आणून वाढवावे लागले. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे, पण मोकळ्या काँडोरांना मारणारे पहिले कारण अजूनही शिसेच. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाचा दारूगोळा बंद केला. आपल्याकडे गिधाडे गेली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने. ते कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. औषध वेगळे, धातू वेगळा, पण रचना तीच. मेलेल्या जनावरात राहून गेलेली, कोणालाही धोकादायक न वाटणारी नेहमीची गोष्ट.

१९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकार संपली, त्यामुळे आपल्या तळ्यांवरचा हा भार कमी असावा असे वाटते. पण शिसे गिळणाऱ्या जातींत ज्याचा क्रमांक वरचा, ते पिनटेल, आपले तलवार बदक, हिवाळ्यात जायकवाडी आणि उजनीवर उतरते. ते वाटेत कुठल्या चिखलातून आले हे आपल्या हातात नसते.

नऊ नंबर

एक शेवटचे उदाहरण टाळता येत नाही. २०१६ च्या जुलैनंतर काश्मीर खोऱ्यात जमाव पांगवण्यासाठी ज्या ‘पॅलेट गन’ वापरल्या गेल्या, त्या बारा बोरच्याच बंदुका होत्या, आणि त्यांतून सुटत होते ते लहान पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे. हेतू प्राण न घेण्याचा होता. पण शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली आणि कित्येकांची दृष्टी गेली.

वर सांगितलेले वर्तुळ इथे आठवावे. पसरणे हा छर्ऱ्याचा दोष नाही, तेच त्याचे काम आहे. उडत्या पक्ष्यासाठी तो पसरट बनवला गेला. मग तो कमरेखालीच लागेल अशी खात्री कोणीही, कितीही सावधपणे नेम धरला तरी, देऊ शकत नाही. दोन मिलिमीटरचा दाणा जाड कपड्यावर अडेलही, डोळ्यावर अडत नाही. त्याच वर्षी केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि मिरचीच्या जातीच्या ‘पावा’ गोळ्यांचा पर्याय पुढे आला. दगडफेकीत जवानही जखमी होत होते, हेही खरेच. माझा मुद्दा राजकारणाचा नाही, मापाचा आहे. आग ओकणारे काडतूस तिथे कोणी वापरले असते तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती. साधा छर्रा साधा दिसतो, म्हणून प्रश्न उशिरा विचारला गेला.

बाटली

सगळे वाचून झाल्यावर माझा हिशेब असा. नवलाची काडतुसे बहुतेक खेळ आहेत, वाईट खेळ, आणि त्यांना कायद्याने आवरलेले बरे. ज्या नवलाने जग खरोखर थोडे सुधारले ते दिसायला अगदी नीरस होते. शिशाच्या जागी पोलादाचा दाणा, एवढेच. आणि सर्वांत जास्त हानी केली ती खुंटीवर, फडताळात, रोजच्या सवयीत बसलेल्या वस्तूने.

माझे एक चुलते ठासणीच्या बंदुकीसाठी जाळ्याची जुनी शिसे चुलीवर वितळवत. मी शेजारी उकिडवा बसून पाहत असे. शिसे आरशासारखे चकाकायचे. बार भरताना ते चार छर्रे दातांत धरत, हात मोकळे राहावेत म्हणून. ते चूक आहे असे घरात कोणाला वाटले नाही, मलाही नाही.

परवा ती औषधाची बाटली काढली. छर्ऱ्यांवर पांढरट भुकटी धरली आहे. शिसे हवेत असे पांढरे पडते आणि ती भुकटी पोटात जाऊ नये. पुतणीच्या मुलीने हात पुढे केला. तिला म्हटले, बघ, पण हात लावू नको. मग झाकण घट्ट केले आणि दोघांनीही हात साबणाने धुतले.